उतरत्या वयाचा सेंटर संघात घ्यावा का? निर्णय कसा घ्यावा, याची सविस्तर वाट

एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये जुलै उजाडला की करार संपून मोकळ्या झालेल्या खेळाडूंच्या यादीत पस्तिशी गाठलेले चार-दोन सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणारे संघातील सर्वांत उंच खेळाडू, हमखास असतात. सात फुटांच्या आसपास उंची, पंधराएक हंगामांचा अनुभव, एखादे विजेतेपद आणि पाठीवर किंवा गुडघ्यावर झालेल्या शस्त्रक्रियेची नोंद, असे त्यांचे साधारण रूप असते. अशा खेळाडूविषयीची चर्चा बहुतेक वेळा ‘त्याच्यात अजून किती खेळ शिल्लक आहे’ या प्रश्नाभोवती फिरते. माझ्या मते हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा आहे. आपल्या संघाला त्याच्याकडून नेमकी कोणती मिनिटे, कोणत्या प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध हवी आहेत, हे आधी ठरले पाहिजे. तेच ठरलेले नसेल तर उरलेल्या खेळाचे मोजमाप कशाच्या तुलनेत करायचे, हे कोणालाच सांगता येणार नाही. वय वाढलेला खेळाडू एका कामासाठी पूर्ण निकामी आणि दुसऱ्या कामासाठी उत्तम असू शकतो, आणि अल हॉरफर्ड या सेंटरच्या कारकिर्दीत ही दोन्ही टोके तीन वर्षांच्या आत दिसली (पाहा पाचवी पायरी). पुढील क्रम त्यामुळे कामापासून सुरू होतो आणि नंतर माणसाकडे, शरीराकडे व पैशाकडे वळतो.

पहिली पायरी : मिनिटांचा हिशेब मांडा

नियमित हंगामात ८२ सामने असतात आणि प्रत्येक सामना ४८ मिनिटांचा असतो, म्हणजे जादा वेळ सोडला तर सेंटरच्या जागेवर एकूण ३,९३६ मिनिटे भरायची असतात. आपला पहिला सेंटर ७० सामन्यांत सरासरी ३२ मिनिटे खेळेल असे धरले, तर २,२४० मिनिटे भरतात आणि १,६९६ उरतात. प्रशिक्षक दर सामन्यात सहा मिनिटे उंच फॉरवर्डला सेंटरच्या जागी खेळवून पाच जणांचा वेगवान गट मैदानात उतरवत असेल, तर त्यातून ४९२ मिनिटे वजा होतात. उरलेल्या १,२०४ मिनिटांसाठी आपण अनुभवी सेंटर शोधत आहोत. आता छत्तीस वर्षांच्या खेळाडूने ५५ सामन्यांत सरासरी १४ मिनिटे दिली, तर ती होतात ७७०. म्हणजे सगळे सुरळीत पार पडले तरी ४३४ मिनिटांचे भगदाड राहते.

हा हिशेब साधा आहे, पण तो कागदावर मांडला की दोन गोष्टी लगेच उघड होतात. एक, वयस्क सेंटर घेतल्याने दुसऱ्या सेंटरचा प्रश्न सुटत नाही, तो अर्धा सुटतो, आणि तिसऱ्या माणसाची सोय त्याच दिवशी करावी लागते. दुसरी, पहिला सेंटरच ७० ऐवजी ५० सामने खेळला तर काय होईल, याचे उत्तर आधीच द्यावे लागते, कारण तेव्हा म्हाताऱ्या खांद्यांवर दुप्पट भार पडणार असतो.

हिशेब झाल्यावर काम एका वाक्यात लिहून काढावे. ‘अनुभव आणि नेतृत्व’ हे कामाचे वर्णन नव्हे. ‘पहिला सेंटर बसलेला असताना दर सामन्यात बारा ते पंधरा मिनिटे रिंगजवळचा बचाव सांभाळणे’ हे वर्णन आहे. ‘प्लेऑफमध्ये (नियमित हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत) अंगाने भारी सेंटर समोर आला तर त्याच्याशी झुंजून आपल्या मुख्य खेळाडूंचे फाउल वाचवणे’ हेही वर्णन आहे, आणि ते पहिल्यापेक्षा अगदी वेगळे आहे. २०२० च्या लेकर्स संघाने ड्वाइट हॉवर्डला या दुसऱ्या कामासाठी फार चांगले वापरले. पश्चिम विभागाच्या अंतिम मालिकेत डेन्व्हरच्या निकोला योकिचसमोर त्याची ताकद उपयोगी पडली आणि मालिकेच्या मध्यावर तो सुरुवातीच्या पाचांत आला. पुढे मायामीविरुद्धच्या अंतिम फेरीत समोरचा खेळ बदलला, तेव्हा विजेतेपद ठरवणाऱ्या सहाव्या सामन्यात त्याच्या जागी अॅलेक्स कारूसो सुरुवातीला उतरला. हॉवर्डचा खेळ दोन आठवड्यांत घसरला नव्हता. समोरचा प्रतिस्पर्धी बदलल्याने त्याच्या कामाची गरज संपली होती.

दुसरी पायरी : व्हिडिओ बघताना पाय बघा

या पायरीला सर्वाधिक वेळ द्यावा. वाढत्या वयाची चाहूल सेंटरच्या गुणफलकावर उशिरा उमटते, पायांत मात्र फार आधी दिसते.

पिक-अँड-रोलमध्ये, म्हणजे एखाद्याने चेंडू हाताळणाऱ्या गार्डला अंगाचा आडोसा (‘स्क्रीन’) देऊन मग रिंगकडे धाव घेतली की, बहुतेक उंच सेंटर ‘ड्रॉप’ पद्धतीने बचाव करतात, म्हणजे स्क्रीनच्या रेषेपर्यंत वर न येता रिंगसमोरच्या रंगीत पट्ट्यात मागे थांबतात आणि चेंडू घेऊन येणारा गार्ड व रिंगकडे धावणारा त्याचा साथीदार या दोघांच्या मध्ये राहून वेळ काढतात. ही पद्धत वयस्क सेंटरला मानवते, कारण तिच्यात धावाधाव कमी आणि जागेची जाण जास्त लागते. ब्रूक लोपेझ मिल्वॉकीत वयाच्या पस्तिशीपर्यंत याच पद्धतीच्या जोरावर लीगमधील सर्वोत्तम बचावपटूंत गणला गेला आणि २०२२-२३ मध्ये वर्षातील सर्वोत्तम बचावपटूच्या मतदानात दुसरा आला. मात्र ड्रॉपमध्येही पाहण्यासारखे बरेच असते. सेंटर मागे सरकताना छाती गार्डकडे ठेवून सरकतो, की कंबर वळवून पळायला लागतो? गार्डने वेग अचानक कमी केला तर तोही थांबू शकतो, की त्याच्या वजनाने तो आणखी दोन पावले मागे जातो? वाढत्या वयात वेग घेण्याची क्षमता जाते असे आपण म्हणतो खरे, पण मोठ्या शरीराचा वेग आवरण्याची क्षमता तितकीच जाते, आणि चलाख गार्ड नेमका तोच क्षण हेरून मधल्या पट्ट्यातून सहज फेक मारतात.

यानंतर दुसरी उडी बघावी. पहिला फटका अडवण्यासाठी घेतलेली उडी अनुभवाच्या जोरावर बराच काळ टिकते, कारण ती केव्हा घ्यायची हे खेळाडूला कळत असते. चेंडू रिंगवरून उसळला की लगेच घ्यावी लागणारी दुसरी उडी तेवढी तयारी करू देत नाही. तरुण सेंटर दोन उड्या जवळजवळ एका दमात घेतो, तर थकलेला सेंटर दुसरीच्या आधी पाय गोळा करतो, आणि तेवढ्यात रिबाउंड दुसऱ्याच्या हातात गेलेला असतो.

बचावातील तीन सेकंदांचा नियम २००१-०२ पासून लागू आहे, हेही येथे ध्यानात घ्यावे लागते. जवळ प्रतिस्पर्धी नसताना सेंटरला रंगीत पट्ट्यात तीन सेकंदांहून अधिक काळ नुसते उभे राहता येत नाही, त्याला बाहेर पाऊल टाकून पुन्हा आत यावे लागते. एका सामन्यात ही ये-जा कितीतरी वेळा होते. ‘तो फक्त रिंगखाली उभा राहील’ असे म्हणून वयस्क सेंटरचे समर्थन करणारा माणूस हा नियम विसरलेला असतो.

कोणते सामने बघावेत, हेही ठरवून घ्यावे. गाजलेल्या फटक्यांच्या संकलनातून काहीही कळत नाही. लागोपाठच्या दोन दिवसांतील दुसऱ्या रात्रीचे सामने, प्रत्येक अर्ध्यातील शेवटची पाच मिनिटे आणि फेब्रुवारीनंतरचे सामने निवडावेत. शक्यतो ड्रिबल करत येऊन तीन गुणांचा फटका सहज मारणारे गार्ड असलेल्या संघांविरुद्धचे सामने निवडावेत, कारण मागे थांबणाऱ्या सेंटरची खरी परीक्षा तेच घेतात. नोंदी तारखेनुसार ठेवल्या तर नोव्हेंबरचा आणि मार्चचा खेळाडू एकच आहे का, हे शेजारी ठेवून पाहता येते.

उतरणाऱ्या गोष्टींबरोबर टिकणाऱ्या गोष्टींचीही यादी करावी, कारण सौदा शेवटी त्यांच्यासाठीच करायचा असतो. स्क्रीनचा कोन, प्रतिस्पर्ध्याला पाठीवर घेऊन रिबाउंडसाठी जागा अडवणे, बचावात मागून सतत बोलून साथीदारांना सावध करणे, फ्री थ्रो रेषेच्या टोकावरून (‘एल्बो’) दिलेला पास आणि फेकीचा हात, या गोष्टी गुडघ्यांपेक्षा अधिक टिकतात. लोपेझने पहिल्या आठ हंगामांत मिळून तीन गुणांच्या अवघ्या तीन फेकी यशस्वी केल्या होत्या. २०१६-१७ या एकाच हंगामात, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, त्याने १३४ फेकी यशस्वी केल्या. पाय जड होण्याआधीच त्याने असा खेळ आत्मसात केला, ज्याला उडीची गरज नव्हती. वयस्क सेंटर निवडताना त्याने गेल्या पाच वर्षांत नवीन काय शिकून घेतले, हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो.

तिसरी पायरी : आकड्यांना त्यांच्या जागी ठेवा

पर्यायी सेंटर हंगामात ७००-८०० मिनिटेच खेळतो. इतक्या थोड्या मिनिटांत तो मैदानात असताना संघ किती गुणांनी पुढे राहिला, हा आकडा सोबतच्या चार खेळाडूंवर आणि प्रतिस्पर्ध्यांचे तीन गुणांचे फटके त्या दिवशी पडले की नाही यावर इतका अवलंबून असतो, की एकट्या त्याच्यावरून मत बनवू नये. उपलब्ध रिबाउंडपैकी त्याने किती टक्के घेतले, तो मैदानात असताना प्रतिस्पर्धी रिंगजवळ किती वेळा पोचले आणि त्याच्या फाउलचे प्रमाण कसे बदलत गेले, हे तीन आकडे तुलनेने लवकर स्थिर होतात. ते किमान तीन हंगामांचे शेजारी मांडावेत. फाउल वाढत जाणे ही माझ्या दृष्टीने सर्वांत बोलकी खूण आहे, कारण पाय वेळेवर पोचले नाहीत की हात पुढे येतात.

दर ३६ मिनिटांमागे किती गुण आणि किती रिबाउंड, असा ताळा सर्वत्र वापरला जातो. तरुण खेळाडूच्या बाबतीत तो काही अंशी उपयोगी आहे, परंतु अडतिसाव्या वर्षी पंधरा मिनिटांत सहा रिबाउंड घेणारा सेंटर ३६ मिनिटांत चौदा घेईल, असा त्याचा अर्थ कदापि काढू नये. अलोंझो मोर्निंगने मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर पुनरागमन करून २००५-०६ मध्ये मायामीसाठी सुमारे वीस मिनिटांत सरासरी २.७ ब्लॉक केले, म्हणजे तितके फटके हवेत अडवले, आणि डॅलसविरुद्धच्या निर्णायक सामन्यातही पाच ब्लॉक केले. त्याला एवढीच मिनिटे मिळत होती, म्हणून ती इतकी तीव्र होती.

चौथी पायरी : वैद्यकीय अहवाल, आणि अहवालानंतरचा खेळ

सेंटरच्या बाबतीत पाठीचा खालचा भाग, गुडघे, घोट्याजवळची पावलाची हाडे आणि टाचेची शीर यांची तपासणी सर्वांत काळजीपूर्वक करावी. लामार्कस आल्ड्रिजने २०२१ मध्ये ब्रुकलिनसाठी अवघे पाच सामने खेळून हृदयाच्या अनियमित ठोक्यांमुळे निवृत्ती जाहीर केली आणि वैद्यकीय परवानगी मिळाल्यावरच पुढच्या हंगामात तो परतला. वयस्क खेळाडूची तपासणी सांध्यांपुरती ठेवू नये, हे त्यातून घ्यावे.

चुकलेल्या सामन्यांची संख्या फसवी असते, हे दोन उदाहरणांतून दिसते. जोआकिम नोआ २०१५-१६ मध्ये शिकागोसाठी २९ सामने खेळला, जानेवारीत खांद्याच्या दुखापतीने त्याचा हंगाम संपला, आणि त्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कने त्याला चार वर्षांसाठी ७ कोटी २० लाख डॉलर दिले. लोपेझ २०२१-२२ मध्ये पाठीच्या शस्त्रक्रियेमुळे केवळ १३ सामने खेळला, पण पुढच्या हंगामात ७८ सामने खेळला आणि त्यानंतर मिल्वॉकीने त्याला दोन वर्षांचा ४ कोटी ८० लाखांचा करार दिला. नोआ न्यूयॉर्कसाठी दोन हंगामांत मिळून ५३ सामने खेळू शकला. दुखापतीनंतर खेळाडू मैदानात कसा हलतो हे लोपेझच्या बाबतीत संपूर्ण हंगामभर दिसले होते, नोआच्या बाबतीत करारापूर्वी एकही सामना दिसला नव्हता. म्हणून अनेक वर्षांचा प्रस्ताव ठेवायचा असेल तर शस्त्रक्रियेनंतरचा स्पर्धात्मक खेळ पाहिल्याशिवाय ठेवू नये. फक्त अहवाल हाती असेल तर प्रस्तावही एका वर्षापुरताच असावा.

न खेळलेल्या सामन्यांची कारणेही वेगळी करावीत. विश्रांती, प्रशिक्षकाचा निर्णय आणि दुखापत या तीन गोष्टी एकाच रकान्यात मोजल्या, तर सांभाळून वापरलेला धडधाकट खेळाडू आजारी दिसतो.

पाचवी पायरी : शेजारी कोण उभा राहणार?

फिलाडेल्फियाने २०१९ मध्ये हॉरफर्डशी चार वर्षांचा, बोनस धरून १० कोटी ९० लाख डॉलरपर्यंत जाणारा करार केला. तेव्हा तो ३३ वर्षांचा होता आणि त्याच्या खेळाविषयी कोणाला शंका नव्हती. मात्र त्या संघात जोएल एम्बीड हा पूर्ण वेळेचा सेंटर होता आणि बेन सिमन्स बाहेरून फेक मारत नव्हता. हॉरफर्डला त्यामुळे फॉरवर्डच्या जागेवर, अधिक चपळ प्रतिस्पर्ध्यांच्या मागे धावावे लागले, आणि आक्रमणात तिघेही एकमेकांच्या जागेवर येऊ लागले. पुढच्याच हंगामाआधी फिलाडेल्फियाने सोबत पहिल्या फेरीची निवड (नवोदित खेळाडू निवडण्याचा हक्क) जोडून त्याला ओक्लाहोमा सिटीकडे पाठवले. तेथे २८ सामन्यांनंतर त्याला बसवून ठेवण्यात आले, आणि २०२१ च्या उन्हाळ्यात तो बॉस्टनला परतला. तेथे सेंटरच्या जागी, स्विच करू शकणाऱ्या (आपापले प्रतिस्पर्धी आपसांत बदलून घेणाऱ्या) बचावपटूंच्या सोबतीने तोच खेळाडू २०२२ मध्ये अंतिम फेरीत पोचला, त्या फेरीच्या पहिल्या सामन्यात त्याने २६ गुण केले, आणि २०२४ मध्ये ३८ व्या वर्षी पहिले विजेतेपद मिळवले.

या एका कारकिर्दीमुळे माझे मत पक्के झाले, की वयस्क सेंटरला अनोळखी जागेवर कधीही खेळवू नये. त्याच्याकडे उरलेले भांडवल म्हणजे विशिष्ट जागेची वर्षानुवर्षांची ओळख, आणि जागा बदलली की ते भांडवलच काढून घेतले जाते. म्हणून संभाव्य पाच-पाच खेळाडूंचे गट कागदावर लिहून प्रत्येक गटात तीन प्रश्न विचारावेत : बाहेरून फेक मारणारे किमान तीन जण आहेत का, स्क्रीनमधून वाट काढत गार्डच्या मागे लागणारा बचावपटू आहे का, आणि चेंडू हरवल्यावर सेंटरच्या आधी मागे पोचणारा कोणी आहे का. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असेल तर ड्रॉप करणारा वयस्क सेंटर घेऊन काहीही साधणार नाही.

सहावी पायरी : करार असा लिहा की चूक स्वस्त पडेल

येथे लीगचे नियम वयस्क खेळाडूच्या बाजूने आहेत, आणि ते नीट समजून घेतले तर संघाचाही फायदा होतो. किमान वेतन अनुभवानुसार वाढते. २०२४-२५ मध्ये दहा किंवा अधिक वर्षांचा अनुभव असलेल्या खेळाडूचे किमान वेतन सुमारे ३३ लाख डॉलर होते. पण असा करार एका वर्षाचा असेल तर संघाच्या खात्यावर फक्त दोन वर्षांचा अनुभव असलेल्या खेळाडूचे किमान वेतन, त्या हंगामात सुमारे २० लाख ८८ हजार, मोजले जाते आणि फरक लीग भरते. करार दोन वर्षांचा केला की ही सवलत जाते. म्हणजे वय वाढलेल्या सेंटरसाठी एक वर्ष हा केवळ सावधपणाचा नव्हे, तर हिशेबाचाही योग्य आकार आहे.

त्याहून जास्त द्यायचे असेल तर कोणता अपवाद, म्हणजे सॅलरी कॅप (संघाच्या एकूण वेतनाची मर्यादा) ओलांडून खेळाडू घेण्याची कोणती मुभा, वापरतो आहोत, याचे परिणाम आधी पाहावेत. २०२४-२५ मध्ये मिड-लेव्हल अपवाद सुमारे १ कोटी २८ लाख डॉलरचा होता, परंतु तो पूर्ण वापरला की संघाच्या एकूण वेतनावर पहिल्या अॅप्रनची (सॅलरी कॅपच्या वर लीगने आखलेल्या दोन रेषांपैकी खालच्या रेषेची), म्हणजे त्या वर्षी सुमारे १७ कोटी ८१ लाखांची, कडक मर्यादा येते. जास्त वेतनाबद्दल लीगला कर भरणाऱ्या संघांसाठीचा अपवाद सुमारे ५१ लाख ६८ हजारांचा होता आणि तो वापरल्यास दुसऱ्या अॅप्रनची मर्यादा लागू होते. दुसऱ्या अॅप्रनच्या वर असलेल्या संघाला बाहेरच्या मोकळ्या खेळाडूंसाठी किमान वेतनाशिवाय दुसरा मार्ग उरत नाही. पर्यायी सेंटरसाठी पहिल्या अॅप्रनची कडक मर्यादा ओढवून घेणे मला क्वचितच शहाणपणाचे वाटते, कारण फेब्रुवारीत विंगची (बाजूने खेळणाऱ्या खेळाडूची) जागा भरायची वेळ आली की हात बांधलेले असतात.

लांब करारांचे अनुभव कटू आहेत. २०१६ मध्ये दूरदर्शन कराराच्या पैशामुळे सॅलरी कॅप एकदम उंचावली, आणि लेकर्सनी टिमोफे मोझगोव्हला तीस वर्षांच्या उंबरठ्यावर चार वर्षांसाठी ६ कोटी ४० लाख डॉलर दिले. एका वर्षात तो करार नकोसा झाला आणि ब्रुकलिनने तो स्वीकारावा म्हणून सोबत डी’अँजेलो रसेलसारखा तरुण गार्ड द्यावा लागला. त्या सौद्यात लेकर्सकडे आलेला सेंटर ब्रूक लोपेझ होता, ज्याला त्यांनी वर्षभराने जाऊ दिले आणि मिल्वॉकीने सुमारे ३४ लाखांत उचलले. ब्रुकलिननेही पुढे २०१९ मध्ये डिआंद्रे जॉर्डनला चार वर्षांसाठी सुमारे ४ कोटी डॉलर दिले, आणि दोन हंगामांनंतर त्यातून सुटण्यासाठी डेट्रॉईटला दुसऱ्या फेरीच्या चार निवडी व रोख रक्कम दिली. नोआचा करार तर न्यूयॉर्कला ‘स्ट्रेच’ करावा लागला, म्हणजे उरलेल्या वर्षांच्या दुपटीत एक मिळवून तितक्या वर्षांत रक्कम विभागावी लागली, आणि ती २०२१-२२ पर्यंत त्यांच्या कॅपवर राहिली.

म्हणून अनुक्रम असा ठेवावा : आधी हमी नसलेला किंवा अंशतः हमी असलेला एक वर्षाचा करार, मग पूर्ण हमीचा एक वर्षाचा, आणि दुसरे वर्ष द्यावेच लागले तर ते संघाच्या मर्जीवर किंवा हमीविना. जुनी दुखापत असेल तर त्याच दुखापतीमुळे खेळता न आल्यास हमी लागू होणार नाही, असे कलम मागावे. एक बारकावा मात्र अनेकदा निसटतो. आधीपासून आपल्याकडे असलेल्या खेळाडूशी पुन्हा एका वर्षाचा करार केला, तर त्याच्या संमतीशिवाय त्याला दुसऱ्या संघाकडे पाठवता येत नसल्याची स्थिती उद्भवू शकते. लीग आणि खेळाडू संघटना यांच्यातील २०२३ च्या सामूहिक करारानंतर हा हक्क खेळाडू करारातच सोडू शकतो. तेव्हा हे बोलणे सही करण्यापूर्वी उरकावे.

सातवी पायरी : समोर बसून बोला

हॉवर्ड २०१८-१९ मध्ये पाठीच्या शस्त्रक्रियेमुळे केवळ नऊ सामने खेळला होता. ऑगस्ट २०१९ मध्ये डीमार्कस कझिन्सच्या गुडघ्याची शीर तुटली तेव्हा लेकर्सनी हॉवर्डला हमी नसलेल्या करारावर घेतले. तीन वेळा सर्वोत्तम बचावपटू ठरलेल्या माणसाने सुमारे १९ मिनिटांचे काम स्वीकारले, आणि हंगामाअखेर तो विजेत्या संघात होता. असा स्वीकार गृहीत धरता येत नाही. कोणत्या रात्री तो कपडे बदलून बाकावर बसेल पण खेळणार नाही, कोणत्या मालिकेत त्याला एकही मिनिट मिळणार नाही, तरुण सेंटर पुढे गेला तर काय होईल, हे सर्व प्रशिक्षकाने स्वतः, त्याच्या एजंटच्या उपस्थितीत, स्पष्ट सांगितले पाहिजे. उत्तरापेक्षा तो कोणते प्रश्न विचारतो याकडे लक्ष द्यावे. पहिल्या सेंटरच्या सवयींविषयी, बचावातील इशाऱ्यांविषयी विचारणारा खेळाडू आणि फक्त मिनिटांविषयी विचारणारा खेळाडू यांत फरक असतो.

बाकावरून संघाला सावरणारा ज्येष्ठ खेळाडू ही खरी किंमत असलेली गोष्ट आहे, हे मी मनापासून मानतो. डिआंद्रे जॉर्डन डेन्व्हरच्या २०२३ च्या विजेत्या संघात किमान वेतनावर होता आणि त्यानंतरही संघाने त्याला ठेवले. परंतु पंधरा जणांच्या मुख्य संघातील एक जागा अशा कामासाठी द्यायची असेल, तर बाकीच्या दोन सेंटरनी मिनिटांचा हिशेब आधीच पूर्ण केलेला असला पाहिजे.

आठवी पायरी : हंगामाची आखणी

प्रत्येक संघाला हंगामात लागोपाठच्या दिवशी सामने असण्याचे प्रसंग साधारण पंधरा वेळा येतात. वेळापत्रक हाती आले की त्यांपैकी कोणता सामना तो खेळेल, हे त्याच दिवशी लिहून टाकावे. त्या रात्रींसाठी टू-वे करारावर (मुख्य संघ आणि दुय्यम लीगमधील संघ अशा दोन्हींत खेळण्याच्या करारावर) एखादा तरुण सेंटर ठेवावा, पण टू-वे खेळाडूला ५० सामन्यांची मर्यादा असते आणि मुख्य संघात रूपांतर केल्याशिवाय तो प्लेऑफ खेळू शकत नाही, हे विसरू नये.

जानेवारीत दोन दारे उघडतात. हमी नसलेले करार १० जानेवारीला पक्के होतात, त्यामुळे खेळाडूला सोडायचे असेल तर ७ जानेवारीपर्यंत सोडावे लागते. तोपर्यंत ३५ सामने झालेले असतात आणि दुसऱ्या पायरीतील नोंदी पुन्हा काढून तुलना करता येते. ५ जानेवारीपासून दहा दिवसांचे करारही करता येतात. मायामीने जानेवारी २०१३ मध्ये ३४ वर्षांच्या ख्रिस अँडरसनला असाच दहा दिवसांचा करार दिला, काम जमते हे पाहून हंगामभरासाठी ठेवले, आणि त्याच हंगामात संघाने सलग २७ सामने जिंकून पुढे विजेतेपद मिळवले. उन्हाळ्यात मन पक्के होत नसेल तर जागा मोकळी ठेवून जानेवारीपर्यंत थांबणे हा पूर्ण सन्मान्य पर्याय आहे.

दुसऱ्या संघाने बायआउट करून, म्हणजे उरलेल्या पगारावर तडजोड करून, सोडलेल्या सेंटरकडे फेब्रुवारीत सर्वांचे डोळे लागतात. तो १ मार्चपर्यंत आधीच्या संघातून मुक्त झालेला असेल तरच आपल्यासाठी प्लेऑफ खेळू शकतो, आणि पहिल्या अॅप्रनच्या वरचा संघ मिड-लेव्हल अपवादापेक्षा जास्त वेतन असलेल्या अशा खेळाडूला घेऊ शकत नाही.

शेवटची पायरी : तो नसेल तेव्हा

करारावर सही करण्यापूर्वी ‘तो एप्रिलमध्ये नसेल’ असे गृहीत धरून संघ पुन्हा लिहावा. ही पायरी भरवशाच्या काळात हमखास गळते. ह्यूस्टनने फेब्रुवारी २००८ मध्ये याओ मिंगला हाडाच्या दुखापतीने गमावले, तेव्हा संघ सलग १२ सामने जिंकलेला होता. बाकावर ४१ वर्षांचा डिकेंबे मुटोम्बो तयार होता, आणि ती विजयमालिका २२ सामन्यांपर्यंत गेली. पण पुढच्या वर्षी पोर्टलंडविरुद्धच्या प्लेऑफ मालिकेत त्याच मुटोम्बोच्या गुडघ्याने दगा दिला आणि त्याची कारकीर्द त्या रात्री संपली. एकाच खेळाडूवर दोन्ही वर्षे सारखाच विश्वास ठेवला गेला होता.

बॉस्टनने २०१०-११ मध्ये शकील ओनील आणि जर्मेन ओनील असे दोन अनुभवी सेंटर एकाच उन्हाळ्यात घेतले. दोघांची निवड स्वतंत्रपणे समजण्यासारखी होती, पण दोघांच्याही शरीराला एकाच प्रकारचा धोका होता आणि दोघे एकाच जागेवर होते. हंगामाच्या मध्यात, २४ फेब्रुवारी २०११ रोजी, बॉस्टनने २६ वर्षांच्या केंड्रिक पर्किन्सला ओक्लाहोमा सिटीकडे पाठवले. त्याचा करार संपत आला होता, हेही त्यामागचे एक कारण होते, परंतु सेंटरची जागा दोन ओनील सांभाळतील हा विश्वासही त्यात होता. जर्मेन त्या हंगामात २४ सामने खेळला. शकील ३७ सामने खेळला, पायाच्या दुखण्यामुळे फेब्रुवारीपासून जवळजवळ बाहेरच राहिला, आणि प्लेऑफमध्ये मायामीविरुद्ध दोन सामन्यांत मिळून सुमारे १२ मिनिटे मैदानात दिसला. बॉस्टन ती मालिका ४-१ ने हरले. त्याच वेळी पर्किन्स सुरुवातीच्या पाचांत असलेला ओक्लाहोमा सिटीचा संघ पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीत पोचला होता.